आमच्या ओट्यापासून त्यांच्या ओट्यापर्यंत

४ ऑगस्ट, सोम.

तनू शाळेतून थेट इकडे. विज्ञानाचं पुस्तक टेबलावर आपटलं. "काकू, नववीचंही तूच शिकव." म्हटलं, बाळा, माझं बी.ए. मराठी घेऊन. आठवीपर्यंत रेटलं तेच खूप झालं, आता क्लास लाव. नाही म्हणे. ट्यूशनच्या बाकी पोरांना नाही म्हणता येतं, पुतणीला कसं म्हणणार?

पहिलाच धडा गतीचा. अंतर आणि विस्थापन. तिचं सेमी-इंग्लिश, ती डिस्टन्स, डिस्प्लेसमेंट म्हणते. मी इथे अं. आणि वि. लिहीन. अं. म्हणजे चाललो तेवढा सगळा रस्ता. वि. म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतची सरळ रेघ, आणि ती कोणत्या दिशेला तेही. घरून निघून घरीच परत आलं तर वि. शून्य.

इथे मी अडकले. सकाळपासून फाटक, ओटा, गच्ची, किराणा, पुन्हा ओटा, आणि आता बसले ती सकाळचीच खुर्ची. म्हणजे शून्य? तनूला म्हटलं, मग मी दिवसभर केलं काय? ती म्हणे, "पोळ्या केल्या नं." ते खरं. पण रस्ता मोजला असताना ही दुसरी रेघ मोजायचीच काहून? दोघींनाही सांगता आलं नाही.

५ ऑग.

कपडे वाळत घालताना मांजर पाहिली. आपल्या सांदवाडीतून, घरामागच्या बोळातून, भिंतीवर, भिंतीवरून भासऱ्यांच्या, तनूच्या बाबांच्या, सांदवाडीत. दोन्ही घरी दूध पिते, दोन्हीकडे वेगळं नाव आहे तिचं. या दोन घरांत सरळ रेघेत येणंजाणं उरलंय ते तिचंच. नाही, चुकलं. ती वर चढते, खाली उतरते, म्हणजे तिचंही अं. वि.पेक्षा जास्तच. अगदी सारखं कुणाचं असेल?

सासूबाईंनी दोन प्लॉट पाठीला पाठ लावून घेतले ते दोन लेकांसाठी. आमचं तोंड उत्तरेला, भासऱ्यांचं दक्षिणेला. मधल्या भिंतीत दार होतं. कढीत मीठ जास्त पडलं की मी कढीचा गंज घेऊन त्या दारातून मोठ्या जावेच्या, सुमनताईंच्या ओट्यावर. आता विटा. आता तनूला गल्लीतून बाहेर, गोदामांना वळसा, ट्रकांच्या मधून, मग आमची गल्ली. सात-आठ मिनिटं लागतात. पोरगी रोज येते, एकदाही कुरकुरली नाही.

७ ऑग.

आज मी फॉर्मात. तनूने विचारलं, वि. मोजायची सुरुवात कुठून धरायची? म्हटलं, अगं, नागपूरची आहेस नं तू? झीरो माइल काहून आहे मग? सगळ्या देशाचे रस्ते तिथून मोजले. सुरुवात तीच. ती खूश, मीही खूश. वहीत चौकट करून लिहून घेतलं तिने. दोघींनी आपल्या वाडीची वि. काढली, झीरो माइलपासून पश्चिमेकडे. शिकवताना अशी मजा पुष्कळ दिवसांत आली नव्हती.

९ ऑग., राखी

ननंदबाई आल्या. यांना राखी बांधली, चहा घेतला, मग "दादाकडे जाऊन येते" म्हणून निघाल्या. गुडघे धरून पूर्ण फेरा मारला. इकडे परत जेवायला आल्या तर घामाने थबथबलेल्या. यांना म्हणाल्या, "तुमच्या दोघायच्या भांडणात माह्या पायाची वाट लावली गा." हे हसले नाहीत.

ननंदबाईंचं आजचं अं. भरपूर, वि. शून्य. पण दोन मनगटांना राखी बांधून झाली. शून्याला शून्य म्हणायला माझं मन होत नाही अजून.

१३ ऑग., बुध.

घटक चाचणीचा पेपर मिळाला तनूला. "विस्थापन म्हणजे काय?" पुढे पोरीने लिहिलं, वस्तूचे झीरो माइलपासूनचे सरळ रेषेतील अंतर. सरांनी वर्गात वाचून दाखवलं. सगळे खिदळले. तनू रडली नाही, नुसती पेपरची घडी घालत बसली, उघडत, पुन्हा घालत.

"कोणं सांगितलं असं विचारलं सरांनी."
"मग?"
"मी म्हटलं, मले आठवत नाही."

माझं नाव नाही घेतलं तिने. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शहाणपणापायी पोरीचं हसं झालं. गच्चीवर गेले. सुमनताई त्यांच्या गच्चीवर पापड उलटत होत्या. तिथून आम्ही रोज बोलतो, पुरुषमाणसं कामावर गेली की. म्हटलं, ताई, माझ्यामुळे झालं, तिले क्लास लावा. त्या म्हणाल्या, "गप वं. तुले नाही येत तर शिक. तिचं तू सोडलं तर ती तिकडे येईन कशाले?"

तिचं इकडे येणं आम्हा दोघींना किती लागतं ते त्यांनीच असं बोलून टाकलं. पुढे दोघी पापडांबद्दलच बोललो.

१६ ऑग.

डोळे तपासायला रामदासपेठ. बसमध्ये मोबाइलवर नकाशा उघडून बसले. मी बसले वाडीत, उतरले रामदासपेठेत. माझ्या जाण्याशी झीरो माइलचा संबंध काय? काहीच नाही. बस सिग्नलला थांबली तिथे एकदम लख्ख उजेड पडला. निघाले मी, तर माझी रेघ मी निघाले तिथूनच सुरू होणार. देशाच्या मध्यातून कशाला होईल.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून बसवलं. अक्षर दिसेना, तरी डोक्यात रेघा ओढत होते. शेजारची बाई म्हणाली, काही हरवलं का? म्हटलं, नाही, सापडून राहिलं.

१७ ऑग., रवि.

ओट्यावर कागद पसरला. तुरीच्या डाळीचा एक दाणा वाडी, एक रामदासपेठ, एक झीरो माइल. झीरो माइलपासून वाडीला रेघ, झीरो माइलपासून रामदासपेठेला रेघ. मग वाडी ते रामदासपेठ जोडली. आता झीरो माइलचा दाणा उचलून पार कळमन्याला ठेवला. पहिल्या दोन रेघा साफ बदलल्या. तिसरी जिथल्या तिथे. पुन्हा उचलला, मिठाच्या बरणीपाशी ठेवला. तिसरी तीच.

म्हणजे खुंटी कुठेही रोवा, जाणाऱ्याची वि. बदलत नाही. अगदीच गाढवपणा नव्हता माझा, फक्त खुंटीलाच सुरुवात समजून बसले होते. भाजी लागली खाली. यांनी करपलेली भाजी मुकाट खाल्ली आणि दाण्यांकडे पाहून विचारलं, "हे काय, बुद्धिबळ?" सगळं सांगितलं. ऐकलं त्यांनी. पुष्कळ दिवसांनी एवढं ऐकलं.

१८ ऑग.

तनूला दाणे दाखवले. दोनदा स्वतः करून पाहिलं तिने, मग म्हणे, "हे मी सरले दाखवते." आणि निघताना, "काकू, मी तुझं नाव सांगू का आता?" सांग म्हटलं.

२० ऑग., बुध.

सरांना पटलं. म्हणाले, बरोबर आहे, पण पेपरात पुस्तकातलंच लिही. वर स्वाध्याय दिला, आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातलं उदाहरण, आकृतीसह.

तनूने काय काढावं? त्यांच्या ओट्यापासून आमच्या ओट्यापर्यंत. रस्ता निळ्या पेनाने, कागदभर फिरवला, गोदामं, ट्रक, देऊळ सगळं. वि. लाल पेनाने. बोटभर. बाण उत्तरेला.

"काकू, आणि तू आमच्याइकडे आली तर?"
"रेघ तेवढीच. बाण दक्षिणेला."
"मग तू कधी आली?"

 आले नाही हेच खरं. वर्ष झालं. तिला तेवढ्या फेऱ्या मारायला लावल्या आणि मी स्वतः ट्रकांचं निमित्त सांगत राहिले.

आकृती टेबलावर राहिली. हे आले, उभ्याउभ्या पाहिली. लाल रेघेवर बोट ठेवलं. मग हातपाय धुवायला गेले. पुष्कळ वेळ पाणी वाहत होतं.

२२ ऑग., पोळा

ताईंनी तनूच्या हाती पुरणपोळ्या पाठवल्या. थंड झालेल्या. दारातून यायच्या तेव्हा तूप वितळत असायचं.

यांना आज विचारूनच टाकलं. यंदा गौरी-महालक्ष्म्यांची पाळी आपली. सासूबाईंचे पितळी मुखवटे, एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. मागच्या वर्षी तिकडे होत्या. तेव्हाच झालं सगळं. यांनी दोघा भावांचं गोदाम सोडून दुसरीकडे नोकरी धरली होती. पंगतीत, सगळ्यांदेखत, भासरे बोलले, "ज्याले घर सोडवते त्यानं घरचं जेवू नये." आणि हे उठले. महालक्ष्म्यांच्या जेवणात, भरल्या ताटावरून. आठवड्यात दार बुजलं. एकाने बोलू नये ते बोलला, दुसऱ्याने उठू नये तो उठला. दोघांचंही समर्थन मला करवत नाही.

"पाळी आपली हाय. आणाच्या नं?"
"मी मागाले जाणार नाही."

बस. तेवढंच.

२५ ऑग., सोम.

गच्ची. ताई भासऱ्यांचं सांगतात, "यायचं म्हणणं, त्यानं मागाले यावं." म्हटलं, आमच्यायचं म्हणणं, त्यायनं बोलवावं. दोघी हसलो, मग हसूही आलं नाही. दोघं आपापल्या दारातून मोजतात, दोघांनाही दुसराच लांब दिसतो.

मला हव्या आहेत त्या या घरात. नुसते मुखवटे नको, सगळी पंगत हवी. भासरे ताटावर, हे ताटावर, मी आणि ताई वाढायला. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी कुणी विषयही काढणार नाही. दाराचं तसंच झालं. पहिले दोन महिने रोज बोलायचो, आता सवय झाली.

ताईंनी दुसरी अडचण काढली. मुखवटे नेहमी मागच्या दारातून जायचे. रस्त्यावरून नेत नाहीत आपल्यात.

२७ ऑग.

गणपती बसले. लहानसा. आरतीला तनू होती. पलीकडची आरती भिंतीवरून येत होती, अर्ध्या ओळीने मागे. तनू मध्येच त्यांच्या ठेक्यात जायची. आवाजाला रस्ता लागत नाही.

२९ ऑग., शुक्र.

तनूचा आजचा प्रश्न पुस्तकाबाहेरचा.

"काकू, महालक्ष्म्यायले दारातून आणतो, मग अख्ख्या घरातून फिरवतो, स्वयंपाकघर, कोठी, पलंग, कपाट. आणि बसवतो कुठं? दाराजवळच्याच खोलीत. वि. एवढीशी. सरळ काहून नाही बसवत?"

चांगलंच विचारलं पोरीने. मी इतकी वर्षं हळदीची पावलं काढली, कधी डोक्यात आलं नाही. म्हटलं, तिला घर दाखवायचं असतं नं. काय आहे, काय नाही. सरळ बसवली तर तिला काय कळणार? म्हणजे तिथे वि.ला कुणी विचारत नाही, फिरणं तेच पाहिजे. ननंदबाईंच्या राखीचं कोडं इथे सुटलं बहुतेक. पहिल्या दिवशी माझ्या पोळ्यांचंही.

आणि मग हळूच दुसरं आलं डोक्यात. तनूला जवळजवळ बाजूला ढकलतच गच्चीवर गेले. ताई, सासूबाईंनी मुखवटे आणले कुठून होते?

"गावाहून. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."
"कशात?"
"कशात म्हणजे, एसटीत. काटोलपर्यंत उभ्यानं, मग मांडीवर घेऊन बसल्या होत्या..."

तिथे थांबल्या त्या. मग तोंडाला पदर लावून एवढ्या हसल्या की खाली भासरे खोकले. मी म्हटलं, एसटीत बसून आलेल्या महालक्ष्म्यायले आमच्या गल्लीचं काय वावडं? दोन मुखवटे, दोन जावा. एक तुम्ही घ्या, एक मी.

"अन् हे?"
"त्यायले विचारू नका. सांगा."

३० ऑग., शनि.

यांना सांगितलं. उद्या मी तिकडे जाते, रस्त्यानं आणतो आम्ही दोघी. यांनी पेपर खाली केला नाही.

"लोक पाहतील."
"पाहू द्या. आणाले जाऊन राहिलो, चोरून नाही."

मग पेपरामागून, "देवळाकडून या. गोदामाकडून चिखल हाय." ट्रक रोज तिथे चाकं फिरवतात, चिखल आहेच. पण यांनी रस्ता पाहून ठेवला होता.

३१ ऑग., रवि., आवाहन

हात दुखतोय, तरी लिहितेच.

सकाळी नवी साडी नेसून निघाले. देवळाकडून. त्यांच्या फाटकाची कडी काढली, वर्षभराने. आत ताईंनी मुखवटे घासून सोन्यासारखे केलेले. त्यांच्या घरून निघायचं म्हणून आधी त्यांचं सगळं घर दाखवून घेतलं. मीही पाहिलं. पडदे बदलले, मला माहीतच नाही. ओट्यावर माझा गंज. दार बुजलं तेव्हाचा तिकडेच राहिलेला, घासून पालथा घातलेला.

भासरे दारात उभे. आम्ही उंबऱ्यापाशी आलो तेव्हा फाटकासमोरची स्कूटर उचलून बाजूला केली. मुखवट्यांना हात जोडले. माझ्याकडे पाहिलं नाही, ते कधीच पाहत नाहीत.

ज्येष्ठा ताईंच्या हातात, कनिष्ठा माझ्या. पुढे तनू, रांगोळीचा डबा घेऊन गल्लीभर पावलं काढत. दर दाराशी थांबावं लागलं. बाया बाहेर येऊन हळदकुंकू लावत होत्या, लेकरं थाळ्या वाजवत मागे. वळणावर ट्रक आडवा. ड्रायव्हर परक्या मुलखातला, त्याने पाहिलं, चप्पल काढली आणि ट्रक मागे घेतला. सात-आठ मिनिटांच्या रस्त्याला तासभर लागला असेल. ताई मध्ये एकदा म्हणाल्या, "वंदना, बरं झालं वं दार नव्हतं." मग लगेच, "तसं नाही म्हणत मी." कळलं मला.

हे फाटकाशी, तांब्या घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पायांवर पाणी घातलं. ताईंच्या पायांवर घालताना वाकले तसेच थोडा वेळ वाकून राहिले.

घर दाखवलं. कोठी, कपाट, ओटा. ट्यूशनची खोली. तनूने विज्ञानाचं पुस्तकही दाखवलं, म्हणे, हेही. मी वळले तर हे म्हणाले, "मांगचं राहिलं." सांदवाडीत आलो. विटांसमोर उभ्या राहिलो दोघी, मुखवटे हातात. पलीकडे, सरळ रेघेत, त्या निघाल्या ती खोली. हे विटांकडे बघत होते. "दाखवा त्यायले," म्हणाले, "हेही घरातच हाय."

तनू कानाशी कुजबुजली, लाल रेघ. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

१ सप्टें., सोम., पूजन

सोळा भाज्या, अंबील, पुरण, कढी. ताई पहाटेपासून माझ्या ओट्याशी आहेत. रस्त्यानेच आल्या. त्यांचा माझा एक शब्दही वाया गेला नाही, हात आपोआप चालले. मीठ त्यांनीच पाहिलं.

नैवेद्य झाला. पानं मांडली. यांनी मधल्या पाटाभोवती स्वतः रांगोळी काढली, वेडीवाकडी. तो पाट भासऱ्यांचा. कुणी निरोप पाठवलेला नाही. ताई म्हणाल्या, "मी सांगितलं नाही, अन् त्यायनं विचारलं नाही." पाहुणे बसले, गरम वाढा म्हणतात. हे बसत नाहीत. सांदवाडीत जाऊन उभे राहिलेत, हात मागे बांधून.

आत्ता भिंतीपलीकडून आवाज आला. भासऱ्यांचाच.

"बारक्या. जेवणं झाली का गा?"

वर्षभराने. ताईंच्या हातातला झारा कढईतच राहिला.

हे म्हणाले, "नाही." मग विटांजवळ सरकून, "थांबलो आहोत."

पलीकडे पायांचा आवाज, घराच्या आत जाणारा. मग त्यांच्या समोरच्या फाटकाची कडी वाजली. गोदामात जाताना ते हीच कडी काढतात. इकडे यायलाही तीच काढावी लागते.

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज नाही आला. मी पुरणपोळी तव्यावरून उतरवून हे लिहायला बसलेय, कारण करायला दुसरं काही नाही. तनू फाटकावर चढून देवळाकडे बघते आहे. हे अजून मागे, भिंतीशीच.

चालत यायचं तर सात-आठ मिनिटं लागतात.